अमावस्येला तोडलेली वेल

अमेरिकेहून परत आल्यावर गावात जो भेटला त्याने मला दोनच गोष्टी विचारल्या. बर्फ बघितला का, आणि पोराचं घर केवढं आहे. बर्फ बघितला. घर मोठं आहे. झालं? आता जे कुणी विचारत नाही ते सांगतो. अमेरिकेच्याच राज्यात, पण नकाशावर पार खाली समुद्रात, सेंट जॉन नावाचं एक बेट आहे. तिथे मी सहा दिवस काढले आणि त्या सहा दिवसांत माझं डोकं जेवढं तापलं तेवढं गेल्या सहा वर्षांत तापलं नसेल.

मी चौथी पास बुरूड. सुपं, रोवळ्या, टोपल्या, कणग्या यांत साठ वर्षं गेली. त्यामुळे टोपलीवाल्याला जे दिसतं तेच मला दिसलं. निळ्याशार समुद्राचं वर्णन ज्याला हवं असेल त्याने दुसऱ्या कुणाचं वाचावं. समुद्र आमच्या घरामागे पण आहे.

जायचं कारण एवढंच की माझा मुलगा अविनाश तिकडे आयसेलिन नावाच्या गावाच्या बाजूला राहतो, कॉम्प्युटरमध्ये आहे, आणि फेब्रुवारीत नातीच्या शाळेला आठवडाभर सुट्टी होती. बाहेर गुडघाभर बर्फ. तो म्हणाला, "अण्णा, चला, तुम्हाला अगदी आपल्या कोकणासारखी जागा दाखवतो." मी म्हटलं, "अरे, कोकण सोडून वीस तास विमानात बसून आलो, ते कोकणासारखी जागा बघायला?" पण तिकिटं काढून झाली होती. त्या घरात तिकिटं आधी काढतात नि विचारतात मागाहून. सुनेला, सुप्रियाला, रजा मिळाली नाही. तिने डबे भरून दिले. आम्ही तिघं निघालो. अविनाश, मी आणि रिया. रिया बारा वर्षांची. मराठी समजतं, बोलताना अर्ध्या वाटेवर इंग्रजीत शिरते. मला इंग्रजी येत नाही, म्हणून सहा दिवस माझं तोंड म्हणजे ती.

रविवार, माघ शुद्ध एकादशी

पंचांग मी बरोबर ठेवतो. अविनाश हसतो. हसू दे.

शनिवारी विमान, मग शेजारच्या बेटावरून लाँच, असं करत पोचलो होतो. रविवारी अविनाशने जीप भाड्याने घेतली. या बेटावर गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने चालतात. सगळ्या अमेरिकेत हा एवढाच तुकडा शहाणा. पण स्टिअरिंग अमेरिकेसारखं डावीकडेच! अविनाशची सवय उजवीकडची, त्यामुळे प्रत्येक वळणावर तो उजवीकडे घुसायचा नि मी ओरडायचो.

"अण्णा, ओरडू नका ना. मी पॅनिक होतो."

"समोरून ट्रक येतोय तो पॅनिक होत नाही, तू कशाला होतोस?"

रस्त्यात गाढवं मोकाट. ऊस वाहायला कधीकाळी आणलेली. ऊस गेला, गोरे मालक गेले, गाढवं राहिली. रियाने फोटो काढायला काच खाली केली. एका गाढवाने सरळ मुंडकं आत घातलं आणि सुनेने माझ्या उपासासाठी दिलेला राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा झाकणासकट चावला. पोरगी म्हणते, "ओह माय गॉड, आजोबा, ही इज सो क्यूट!" क्यूट काय? माझी एकादशी त्याच्या पोटात गेली. दिवसभर दोन केळ्यांवर राहिलो. हे सांगतो अशासाठी की पुढे जे झालं तेव्हा माझं पोट रिकामं होतं.

लाँचच्या धक्क्याजवळ एक चिंचेचं झाड आहे. मोठं, जुनं. त्याखाली एक काळी म्हातारी बसली होती, माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी थोरलीच असेल. पुढ्यात वेलीच्या टोपल्या. मी थांबलोच. सवयीने एक उचलली, उलटी केली, बूड बघितलं. टोपलीचं तोंड कुणीही गोड करतो, खरं काय ते बुडाला कळतं. काम चोख होतं. बोटाने दाबून बघितलं, हलत नाही. रियाला म्हटलं, "विचार, केवढ्याला."

रियाने विचारलं. म्हातारी गप्प. समुद्राकडे बघत बसली. परत विचारलं. परत गप्प. मला राग आला. मी गिऱ्हाईक, समोर उभा, नि ही बाई मला बघत पण नाही! शेजारी शहाळी विकणारा हसायला लागला आणि रियाला काहीतरी म्हणाला.

"आजोबा, तुम्ही गुड मॉर्निंग नाही म्हणालात. इथे फर्स्ट गुड मॉर्निंग, मग बाकी सगळं. नाहीतर इट्स रूड."

बुरडाच्या दारात आजवर कुणी गुड मॉर्निंग म्हणत आलेलं नाही. "ओ, सूप झालं का?" असंच ओरडत येतात. मी म्हटलं, मी इंग्रजी बोलणार नाही. अविनाश कपाळाला हात लावून, "अण्णा, दोन शब्द आहेत, यार." नाही म्हणजे नाही. शेवटी टोपली खाली ठेवली, हात जोडले नि म्हटलं, "रामराम." म्हातारीने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग मान डोलावून म्हणाली, "गुड मॉर्निंग." आणि लगेच, "टोपलीचं बूड आधी कोण बघतं? तू करणारा आहेस."

तिचं नाव इल्मा. तिथे मोठ्या बाईला मिस म्हणतात, नव्वदीची असली तरी. मिस इल्माने मला बसायला दगड दाखवला.

सोमवार, द्वादशी

दुसऱ्या दिवशी तिने जेवायला बोलावलं. घर डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. रस्ताभर नवे बंगले, प्रत्येकाला फाटक, फाटकावर पाटी. तिची भाची जनेल शाळेत शिकवते, तिच्याजवळ राहते. बाहेर नीरफणसाचं झाड, अळू, चिंच, शेवगा. परसात उभं राहिलं तर आपण सेंट जॉनला आहोत का आमच्या देवबागेत, कळू नये. चहा दिला तो गवती चहा. त्याला तिथे झुडपाचा चहा म्हणतात.

जेवणात मक्याच्या पिठाची उकड, त्यात भेंडी घातलेली. गोळा करून ताटात. बरोबर माशाचं कालवण. इथवर छान. मग एका वाडग्यात हिरवं घट्ट. मी अविनाशला म्हटलं, अरे, हे तर अळूचं फदफदं! खूश होऊन घास घेतला तर दाताखाली खेकड्याची नांगी आली. खेकडा चालतो मला. दुसऱ्या घासाला आलं डुकराचं शेपूट. मी वाडगा बाजूला केला. जनेलला वाईट वाटलं. मिस इल्मा म्हणाली, "शेपूट काढून खा, पानाने काय पाप केलंय?" शेपूट रियाच्या वाडग्यात टाकलं आणि पान खाल्लं. घरी सांगू नका.

जेवताना जनेलने सगळं सांगितलं. चिंचेखालचं अंगण आता गाड्या लावायला जाणार. धक्क्यासमोर नवा हॉल बांधलाय, थंड हवेचा, जहाजांमधून येणाऱ्या लोकांना बेटाची कला दाखवायला. टोपलीच्या कामाला तिथे एकच खुर्ची. गुरुवारी जो कुणी हॉलमध्ये एका तासात एक टोपली पुरी करून दाखवेल त्याला ती खुर्ची. ज्याला खुर्ची नाही त्याने धक्क्यावर विकायचं नाही. मिस इल्मा चिंचेखाली बसते त्याला चाळीस वर्षं झाली.

मी म्हटलं, "मग एका तासात टोपली करून टाक. तुझ्या हाताला काय कठीण?"

ती म्हणाली, "कशाची करू? माझी वेल संपलीय. वेल आता तोडायची नाही. चंद्र भरतोय."

रिया मला समजावायला लागली, "आजोबा, शी बिलीव्ह्ज, मून जेव्हा ब्राइट असतो ना..." मी तिला थांबवलं. मला समजावतेस? आम्ही बांबू वद्य पक्षात तोडतो, जमेल तर अमावस्येच्या अंगाला. माझा बाप तोडायचा, त्याचा बाप तोडायचा. चांदणं वाढत असताना झाडात पाणी चढलेलं असतं. तेव्हा तोडलं की किडा लागतो. हे मला सात समुद्रापलीकडच्या एका बाईकडून ऐकायला मिळालं आणि माझा उकडीचा घास हातात तसाच राहिला.

जनेल वैतागून म्हणाली, "आंटी, तुला टोपली विकायची पण नाही. फक्त दाखवायची आहे! कोण बघायला येणार आहे सहा महिन्यांनी?"

अविनाशने मान हलवली. "शी हॅज अ पॉइंट, अण्णा."

मग मला बोलावं लागलं. जे मी घरात सांगितलं नव्हतं ते. आमच्याकडे तारकर्लीच्या बाजूला एक रिसॉर्ट झालं. मालकाला दिव्यांवर घालायला बांबूची शंभर कव्हरं हवी होती, उद्घाटनाच्या आधी. मी म्हटलं, पंधरा दिवस थांबा. तो म्हणाला, "काका, पर्यटकाला काय कळतंय?" मी शुद्ध अष्टमीला बांबू तोडला. कव्हरं देखणी झाली. फोटो आले पेपरात. शिमग्यापर्यंत वरून पिठासारखा भुगा पडायला लागला, जेवणाऱ्यांच्या सोलकढीत. मालक मला एक शब्द बोलला नाही. गुपचूप उतरवली आणि प्लास्टिकची लावली. तेव्हापासून तो बाजारात दिसला की मी गल्ली बदलतो.

ही सगळी हकीकत रियाने अशी सांगितली, "ही मेड सम बॅड लॅम्पशेड्स." एवढंच! मी म्हटलं, "नीट सांग, भवाने." मग तिने नीट सांगितलं. मिस इल्मा ऐकत होती. विचारलं, "घाई कुणी केली?"

"मालकाने."

"सुरी कुणाच्या हातात होती?"

अविनाश माझ्याकडे बघत होता. मी गवती चहा आणखी मागितला.

बुधवार, चतुर्दशी

आमच्या हॉटेलात मंगळवारी संध्याकाळी जेवणाबरोबर कार्यक्रम होता. उंच काठ्या पायाला बांधून, अंगभर कपडे, तोंडावर मुखवटा, असे दोघे आले. जनेलने आदल्या दिवशी सांगितलं होतं की ही भुतं आहेत, पण राखण करणारी. समुद्रापलीकडून, आफ्रिकेतून, गुलामांबरोबर पाण्यात पाय टाकत आली म्हणून एवढी उंच. आमच्याकडे वेशीवर देवचार असतो तसं. ते कुणाशी बोलत नाहीत. आणि इथे काय, माईकवाला ओरडतोय, टेबलाटेबलांमधून भुतं वाकून बायकांबरोबर फोटो काढून देतायत, नि वीस मिनिटांनी आइस्क्रीम आलं म्हणून भुतांना रजा. एका म्हाताऱ्या गोऱ्याने भुताच्या पायाची काठी ठोकून बघितली, खरी आहे का म्हणून.

मी अविनाशला म्हटलं, "बघ, तुझं कोकणासारखं." आमच्या रिसॉर्टवर दशावतार अर्ध्या तासाचा करतात. संकासुर येतो न येतो तोच सुरमई तळून येते. लोक संकासुराकडे पाठ करून बसतात. त्या पोराने तोंड रंगवायला दोन तास घातलेले असतात.

"पण अण्णा, त्यांना काम मिळतं ना?"

"मिळतं. कोण नाही म्हणतंय? मीच कव्हरं दिली की."

त्यावर त्याने मोबाइल काढला. बापापुढे बोलता येत नाही अशा वेळी तो हेच करतो.

बुधवारी चिंचेखाली गेलो तर जनेल आणि मिस इल्मा एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या. मध्ये हिरव्यागार वेलीची चार वेटोळी. जनेलने सकाळी रस्त्याकडेला जाऊन तोडून आणली होती. मिस इल्माने एक वेल अंगठ्याने दाबली, कापलेल्या टोकाला पाणी आलं, ते तिने जनेलच्या हाताला पुसलं. शिवाय हॉल चालवणाऱ्या बाईने गुरुवारी घालायला म्हणून एक पिशवी पाठवली होती. मी उघडून बघितली तर लाल-पिवळ्या चौकटीचा घागरा नि डोक्याला बांधायचा तसाच रुमाल.

"ही तर मद्रासी लुंगी!" मी म्हटलं.

जनेल म्हणाली, "हे आमचं कापड आहे. मद्रास म्हणतात याला. आमच्या पणज्या घालायच्या."

"नावातच मद्रास आहे, बाई. आमच्याकडचं आहे."

मिस इल्मा त्या दिवसात पहिल्यांदा बोलली. "दोनशे वर्षांपूर्वी गेलं असेल तुमच्याकडून. परत न्यायला तू आत्ता आलास?" आणि पिशवी जनेलच्या मांडीवर टाकली. "मी हे नाचाला घालते. कामाला घालत नाही. टोपली करताना कोण घागरा घालतं? अडकतो."

मला हे पटलं. पण जनेलचं तोंड बघितलं आणि तेही पटलं. ती म्हणत होती, हिला खुर्ची मिळाली नाही तर ही घरी बसेल, आणि घरी बसली तर महिन्यात अंथरूण धरेल. शिकायला हिच्याकडे कोण चढून येणार त्या डोंगरावर? काम हिच्याबरोबर जाईल. खुर्ची म्हणजे तिला तेवढं सगळं दिसत होतं.

गुरुवार, पौर्णिमा

हॉल नवा, रंगाचा वास येत होता. थंड हवा एवढी की वेल सुकून कडक व्हावी. हे मी अविनाशला सांगितलं, त्याने कुणाला सांगितलं नाही. जहाजाचे पन्नास-साठ लोक, सगळे टोप्या घातलेले. हॉलवाली बाई गोरी, हसरी, छातीवर नावाची पट्टी. वाईट बाई नव्हती हो. प्रत्येकाला पाणी विचारत होती. पण तिच्या हातात घड्याळ होतं आणि समोर खुर्ची. खुर्चीपुढे जनेलने ती चतुर्दशीची वेल आणून ठेवली, शेजारी मिस इल्माची सुरी.

मिस इल्मा आली. रोजचाच झगा. खुर्चीवर बसली. हात मांडीवर ठेवले. आणि तशीच बसून राहिली.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. लोक फोटो काढून कंटाळले. जनेल कानात सांगतेय, हॉलवाली बाई हसत हसत घड्याळ बघतेय. मिस इल्माने एवढंच सांगितलं, "अंधार पडू दे. पंधरा दिवसांनी या." हॉलवाल्या बाईला वाटलं, म्हातारीला दिवे बंद करून हवेत. तिने खरंच एक दिवा बंद केला!

मी मागे उभा होतो. मला सगळ्यांचाच राग आला. हॉलवालीचा, कारण तिला समजत नाही. जनेलचा, कारण समजून ती वेल घेऊन आली. अविनाशचा, कारण तो माझ्या कानात म्हणाला, "अण्णा, थोडं कॉम्प्रोमाइज केलं असतं तर काय बिघडलं असतं?" आणि खरं सांगतो, मिस इल्माचाही. तोंड आहे ना? सांग की यांना. मी ठरवलं, आपण दाखवू. या कच्च्या वेलीची टोपली कशी फाटते, चिरताना कशी सुटते, ते यांच्या डोळ्यांपुढे करू. मग कळेल.

पुढे गेलो, तिची सुरी उचलली आणि जमिनीवर मांडी घालून बसलो.

मिस इल्मा वेलीची दोन कडी करून काठापासून सुरू करते. मला ते येत नाही. मी आपल्या पद्धतीने बुडापासून परडी घातली. आणि ती वेल फाटेना! ओली होती ना. लोण्यासारखी वळत होती. हात चालायला लागले की माझे हात माझं ऐकत नाहीत. साठ वर्षांची सवय. लोक पुढे सरकले. कुणी खाली बसले. मी काठ बांधला तेव्हा हॉलवालीने घड्याळ वर करून दाखवलं. पन्नास मिनिटं. टाळ्यांचा कडकडाट.

ती बाई धावत आली. खूप बोलली. रिया म्हणाली, "आजोबा, शी लव्ह्ज इट! ती म्हणतेय एक्झॅक्टली हेच पाहिजे होतं. तुम्ही इथे किती दिवस आहात? ते तुम्हाला खुर्ची देतील. आणि टी-शर्ट."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं मी काय केलं ते. मला दाखवायचं होतं एक, मी दाखवलं की कुठल्याही वेलीची, कुठल्याही दिवशी, कुठलाही म्हातारा टोपली करू शकतो. मिस इल्मा नसली तरी चालतं.

मी रियाला म्हटलं, "सांग तिला, ही टोपली फसवी आहे. दिवाळीपर्यंत हिचा भुगा होईल."

रियाने सांगितलं. बाईचे डोळे चमकले. "शी इज आस्किंग, दिवाळीला भुगा होतो, इज दॅट लाइक अ ब्लेसिंग?"

एका टोपीवाल्या बाईने टोपली विकत मागितली. मी दिली नाही. जमिनीवर ठेवली आणि वर पाय दिला. जोरात. टोपली चपटी झाली, नि पाय काढल्यावर परत वर आली. ओली वेल. परत पाय दिला. परत वर आली. तिसऱ्यांदा मी दोन्ही पायांनी उभा राहिलो. अविनाश "अण्णा, अण्णा" करत धावला. आणि लोक टाळ्या वाजवत होते! त्यांना वाटलं, टोपली किती मजबूत आहे ते म्हातारा दाखवतोय. एकाने व्हिडिओ काढला. मोडायला गेलो तर त्याचीही जाहिरात झाली.

मिस इल्मा उठली. माझ्या पायाखालून टोपली काढली, बूड बघितलं, माझ्या हातात दिली. मग आपली सुरी उचलली, पदराला पुसावी तशी झग्याला पुसली आणि बाहेर गेली. हॉलवालीने मागून विचारलं, खुर्चीचं काय? ती वळली नाही.

मी मागोमाग गेलो. ती चिंचेखाली बसली होती. रिया माझ्या शेजारी. मला वाटलं होतं ती वेलीबद्दल बोलेल, खुर्चीबद्दल बोलेल. ती म्हणाली, "हात चांगला आहे तुझा. पण सुरी विचारून घ्यायची होती."

मी आयुष्यात "चुकलो" हा शब्द फार वेळा उच्चारलेला नाही. बायकोला पण नाही. तिथे उच्चारला. रियाला त्याचं इंग्रजी करायला सांगितलं नाही, आणि मिस इल्माने विचारलंही नाही.

खुर्ची गेलीच. शुक्रवारी आम्ही लाँचवर चढलो तेव्हा हॉलमधल्या त्या खुर्चीवर नारळाच्या करवंट्यांवर पोपट रंगवणारा एक जण बसला होता. चिंचेच्या बुंध्याला साखळी घातली होती. अविनाश लाँचवर माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "अण्णा, त्या रिसॉर्टवाल्याचं मला का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, "तू विचारलंस? तू बर्फाचे फोटो पाठवत होतास." तो हसला नाही. माझी पिशवी त्याने उचलून आपल्या मांडीवर घेतली. तेवढंच.

आयसेलिन, फाल्गुन

अमावस्या झाली आणि चौथ्या-पाचव्या दिवशी रिया शाळेतून आली ती कॉम्प्युटरपुढून ओरडली, "आजोबा, जनेलची मेल!" मी पोळी अर्धी टाकून उठलो. सुप्रिया म्हणाली, "अण्णा, जेवण पुरं करा." मेल थांबते, पोळी थांबत नाही असं तिला वाटतं.

रियाने वाचली, मध्ये मध्ये मराठी करत. मिस इल्मा घरी बसलेली नाही. अमावस्येच्या आदल्या दिवशी स्वतः डोंगरात गेली, एका बंगलेवाल्याच्या फाटकातून सरळ आत, आणि सहा लांब वेली घेऊन आली. वीस-वीस फुटांच्या. ती आता हॉलच्या दारासमोर समुद्राच्या कट्ट्यावर बसते. विकत काही नाही, त्यामुळे तिला उठवायला नियम सापडत नाही. लोक हॉलमधून बाहेर येतात नि तिच्याभोवती उभे राहतात. हॉलवाल्या बाईने शेवटी गार्डला पाठवलं, म्हातारीला बाजूला हो म्हणून सांग.

"मग?" मी विचारलं.

एवढी लांब वेल उभी चिरायची असते तेव्हा दुसरं टोक ताणून धरायला माणूस लागतो. हे मला रियाने सांगायची गरज नव्हती, पण तिने सांगितलं, हातवारे करून. गार्ड आला. तो काही बोलायच्या आत मिस इल्माने त्याच्या हातात वेलीचं टोक दिलं आणि म्हणाली, "जरा धर." त्याने धरलं. ती चिरत चिरत त्याच्यापर्यंत येईतो अर्धा तास गेला. मग गार्ड अजून येत का नाही म्हणून बघायला हॉलवाली बाई स्वतः बाहेर आली.

आणि मिस इल्माच्या पुढ्यात अजून पाच वेली होत्या.